लॅपटॉपवरील विशेष कळा : संकेत, अर्थ आणि प्रयोजन

१. विषय आणि त्याची मर्यादा

लॅपटॉपच्या कळफलकावर अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांच्या जोडीला आणखी एक लहानसा वर्ग असतो. आवाज वाढविणे व कमी करणे, पडद्याचा उजेड बदलणे, मायक्रोफोन बंद करणे, वायफाय तोडणे, यंत्र निद्रिस्त करणे अशी कामे या वर्गातील कळांकडे सोपविलेली असतात. त्यांना इंग्रजी वापरात हॉटकी म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांस 'विशेष कळा' असे म्हटले आहे. अक्षराची कळ दाबली असता कागदावर किंवा पडद्यावर अक्षर उमटते, आणि तेथे तिचे कार्य संपते. विशेष कळ मात्र काही लिहीत नाही. ती काही घडवून आणते. हा भेद वरवर साधा वाटला तरी संगणकाच्या कार्यप्रणालीला त्याने बराच त्रास दिलेला आहे. ज्या वाचकांनी जुन्या लॅपटॉपवर नवी कार्यप्रणाली बसविली असेल, त्यांना याचा अनुभव असेलच : अक्षरे सर्व उमटतात, आणि उजेडाची कळ मात्र मुकी होते.

हे असे का व्हावे, याचे उत्तर देण्याचा येथे प्रयत्न आहे. विवेचन लिनक्स या कार्यप्रणालीपुरते मर्यादित ठेवले आहे. तिचा मूळ आज्ञासंच सर्वांस वाचावयास खुला असल्यामुळे संकेताचा प्रवास कोणालाही टप्प्याटप्प्याने तपासून पाहता येतो, हे याचे कारण होय. भाषाशास्त्राच्या विभागात हा विषय का, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, एकाच खुणेला निरनिराळ्या पातळ्यांवर निरनिराळे अर्थ कसे प्राप्त होतात, आणि ऐकणाराने बोलणाराचा हेतू चुकीचा समजला म्हणजे काय होते, हे प्रश्न आपल्याच अभ्यासाचे आहेत. शिवाय आपल्या विभागात बोलींचे ध्वनिमुद्रण नित्य चालते. मायक्रोफोनच्या कळेवरील दिवा खरे बोलतो की नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्या दिव्याच्या भरवशावर एखाद्या निवेदकाला 'आता मुद्रण बंद आहे' असे सांगू नये.

२. कळेपासून संकेतापर्यंत

कळफलकाच्या पोटात आडव्या-उभ्या तारांचे एक जाळे असते. कळ दाबली की एक आडवी व एक उभी तार यांचा स्पर्श घडतो. लॅपटॉपमध्ये हे जाळे सतत तपासण्याचे काम एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या एका छोट्या स्वतंत्र प्रक्रियकाकडे असते. पंखा, बॅटरी, तापमान यांची देखरेखही पुष्कळदा तोच करतो. कोणत्या बिंदूपाशी स्पर्श झाला हे पाहून तो एक अंक मुख्य यंत्राकडे पाठवितो. या अंकास स्कॅनकोड असे म्हणतात.

स्कॅनकोडची परंपरा १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकापासून सुरू होते. त्या यंत्राच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. कळ दाबल्याबरोबर एक अंक जाई आणि सोडल्याबरोबर त्यात १२८ मिळवून होणारा दुसरा अंक जाई. उदाहरणार्थ, रोमन 'ए' या अक्षराची कळ दाबली असता ३० आणि सोडली असता १५८. दाबणे आणि सोडणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे. एका बाइटमध्ये मावणाऱ्या अंकांचा अर्धा भाग असा सोडण्याच्या घटनेकडे गेल्यामुळे उरलेली जागा लवकरच अपुरी पडू लागली. मग पुढच्या कळांसाठी अंकाआधी एक उपसर्ग लावण्याची युक्ती निघाली. १९८४ च्या एटी या यंत्राबरोबर संकेतांचा दुसरा संच आला. परंतु मधला नियंत्रक त्याचे पहिल्या संचात रूपांतर करून देऊ लागला, आणि ही दुभाषाची भूमिका अनेक लॅपटॉपांत आजही चालू आहे.

यांपैकी कोणताही अंक त्या अक्षराशी निसर्गतः बांधलेला नाही. 'ए'ला ३० का, तर त्या कळफलकावर तिची जागा तिसावी पडली म्हणून. पुढे ते रूढ झाले म्हणून. सोस्यूरने चिन्हाच्या यादृच्छिकतेविषयी जे सांगितले, त्याचे इतके निर्भेळ उदाहरण नैसर्गिक भाषांतही विरळाच सापडेल. परंतु यादृच्छिक चिन्ह चालते ते समाजाच्या मान्यतेवर. अक्षरांच्या कळांना ती मान्यता मिळाली, कारण सर्व उत्पादकांनी एकच संच उचलला. विशेष कळा जन्मल्या त्या मागाहून, आणि निरनिराळ्या घरांत. म्हणून प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने रिकामे अंक वापरले. एका कंपनीच्या यंत्रावर जो अंक उजेड वाढविण्याचा, तोच दुसरीकडे वायफाय तोडण्याचा असू शकतो.

येथे 'एफएन' या कळेविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे. विशेष कळ पुष्कळदा एफएन आणि एफ-५ अशा जोडीने दाबावी लागते. शिफ्ट किंवा कंट्रोल यांची वार्ता कार्यप्रणालीपर्यंत पोचते. एफएनची बहुधा पोचत नाही. तिचा विचार एम्बेडेड कंट्रोलर स्वतःच करतो आणि जोडीचा परिणाम म्हणून एखादा वेगळाच संकेत पुढे धाडतो. संधी झालेला शब्द हाती यावा आणि मूळची पदे कोठेच दिसू नयेत, तसा हा प्रकार आहे.

३. संकेत येण्याच्या वाटा

विशेष कळेची वार्ता कार्यप्रणालीपर्यंत एकाच वाटेने येत नाही. मुख्य वाटा तीन सांगता येतील.

पहिली वाट सामान्य कळफलकाची. एम्बेडेड कंट्रोलर इतर कळांप्रमाणेच एखादा स्कॅनकोड पाठवितो. लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, कळफलकाच्या ड्रायव्हरला तो अंक ओळखीचा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तो आपल्या नोंदवहीत 'अनोळखी कळ दाबली गेली' असे लिहितो, अंक नमूद करतो आणि पुढे काहीही पाठवीत नाही.

दुसरी वाट एसीपीआय या संकेतव्यवस्थेची. यंत्राची शक्ती, बॅटरी, झाकण इत्यादींविषयी फर्मवेअर व कार्यप्रणाली यांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा हा करार इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. या वाटेने आलेली कळ ही कळ म्हणून येतच नाही. कंट्रोलर प्रक्रियकाला थांबवून 'काही घडले आहे' एवढेच सुचवितो; कर्नल त्याला 'काय घडले?' असे विचारतो. मग फर्मवेअरमध्ये लिहून ठेवलेली एक लहान कृती चालविली जाते, आणि ती कृती एखाद्या उपकरणाच्या नावे सूचना प्रसृत करते. पडद्याच्या उजेडाची सूचना अशी दृश्य-उपकरणाच्या नावे येते, आणि झाकण मिटल्याची सूचना झाकणाच्या नावे.

या संवादात एक गमतीचा भाग आहे. फर्मवेअर कार्यप्रणालीला विचारू शकते की, तू अमुक विंडोज आहेस काय? आणि उत्तरावरून आपले वर्तन बदलू शकते. लिनक्स या प्रश्नाला होकार देते. उलट 'तू लिनक्स आहेस काय?' या प्रश्नाला नकार देते! यात लबाडीपेक्षा व्यवहार अधिक आहे. उत्पादकांनी आपली यंत्रे विंडोजवर तपासलेली असतात. तेव्हा ज्या वाटेवरून वर्दळ झाली आहे त्याच वाटेने जाणे सुरक्षित, असा कर्नलकारांचा हिशेब आहे.

तिसरी वाट उत्पादकाच्या खासगी बोलीची. एसीपीआयच्या चौकटीतच डब्ल्यूएमआय नावाची एक सोय मायक्रोसॉफ्टने उपलब्ध केली. तिच्यातून उत्पादकाला स्वतःचे संकेत हवे तसे पाठविता येतात. हे संकेत समजण्यासाठी त्या त्या घराण्याचा ड्रायव्हर लागतो. लिनक्समध्ये थिंकपॅड, डेल, एचपी, एसस, एसर, तोशिबा, सोनी इत्यादींसाठी असे ड्रायव्हर आहेत. त्यांतील पुष्कळसे उत्पादकाने दिलेल्या कागदपत्रांवरून झालेले नाहीत. हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रामरांनी एकेक कळ दाबून, कोणता अंक येतो हे टिपून ते सिद्ध केलेले आहेत. ज्याने कोश वा व्याकरण नसलेल्या बोलीचे सर्वेक्षण केले आहे, त्याला ही पद्धत नवी वाटणार नाही.

याशिवाय यूएसबी कळफलक आणि तत्सम उपकरणे यांची चौथी वाट आहे. तेथे मात्र आवाज वाढविणे, कमी करणे, थांबविणे यांचे अंक सर्वमान्य कोष्टकात ठरवून दिलेले असल्यामुळे गोंधळ कमी होतो.

४. कर्नलमधील प्रमाणीकरण

वाटा अनेक असल्या तरी कर्नल त्या सर्वांचे पाणी एकाच पाटात आणतो. यासाठी त्याच्यात इनपुट नावाचा एक विभाग आहे. कोणत्याही ड्रायव्हरने आपल्याकडे आलेला संकेत या विभागाच्या स्वाधीन करताना प्रमाण अंकाच्या रूपात करावा, असा दंडक आहे. या प्रमाण अंकास कीकोड म्हणतात. आवाज बंद करण्याची कळ ११३, आवाज कमी करण्याची ११४, वाढविण्याची ११५. उजेड कमी करण्याची २२४ आणि वाढविण्याची २२५. कळ कोणत्याही कंपनीची असो, संकेत कोणत्याही वाटेने आलेला असो, येथून पुढे तिची ओळख याच अंकाने होते.

आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर स्कॅनकोड हा उच्चारित ध्वनी आणि कीकोड हा स्वनिम होय. ध्वनी बोलणारागणिक बदलतो. स्वनिम व्यवस्थेत स्थिर असतो. उपमा पुरती जुळत नाही हे मान्य केले पाहिजे. स्वनिमाला स्वतःचा अर्थ नसतो, आणि 'उजेड वाढव' या कीकोडला तो नावातच चिकटलेला आहे. तथापि विविध प्रत्यक्ष रूपांच्या मुळाशी एक अमूर्त एकक मानणे, हे दोहोंतील तत्त्व एकच आहे.

कर्नल प्रत्येक घटनेची नोंद चार अंगांनी करतो : वेळ, प्रकार, कोड आणि मूल्य. कळेच्या बाबतीत मूल्य १ म्हणजे दाबली, ० म्हणजे सोडली, २ म्हणजे दाबून धरल्यामुळे पुनरावृत्ती झाली. या घटनांच्या पाठोपाठ एक समाप्तीची खूण येते; ती वाक्याच्या शेवटी येणाऱ्या पूर्णविरामासारखी असते. कळेखेरीज 'स्विच' असा एक निराळा प्रकार आहे. लॅपटॉपचे झाकण या प्रकारात मोडते. कळ ही घटना आहे. झाकण मिटलेले असणे ही स्थिती आहे. 'मघाशी कळ दाबली होती का?' याला कर्नलपाशी उत्तर नसते. 'झाकण आता मिटलेले आहे का?' याला असते. घटना आणि स्थिती यांची ही विभागणी पहिल्यापासून नीट केल्यामुळे पुढचे अनेक घोटाळे टळले आहेत.

५. यंत्रागणिक कोश

अनोळखी स्कॅनकोडची अडचण दूर करण्यासाठी प्रत्येक वेळी कर्नल बदलणे परवडणारे नाही. म्हणून कर्नलच्या बाहेर, यूडेव्ह या सेवेजवळ, एक हार्डवेअर-कोश ठेवलेला असतो. त्यात यंत्राचा उत्पादक आणि प्रतिमान यांची नावे देऊन त्याखाली अमुक स्कॅनकोड म्हणजे अमुक कळ, अशा एकेका ओळीच्या नोंदी असतात. यंत्र सुरू होताना फर्मवेअरमधील उत्पादकाचे नाव वाचले जाते, जुळणारी नोंद शोधली जाते आणि ती जोडी कर्नलच्या कोष्टकात घातली जाते. एका बोलीपुरता शब्दसंग्रह तयार करून तो प्रमाण कोशाला जोडावा, तशीच ही व्यवस्था आहे.

या कोशात काही नोंदींपुढे उद्गारचिन्ह आढळते. त्याचा अर्थ असा की, ही कळ दाबल्याची वार्ता येते, पण सोडल्याची येत नाही. तेव्हा कर्नलने ती आपण होऊन सुटली असे समजावे. अनेक लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये हा दोष असतो. एकदाच दाबलेली आवाजाची कळ कार्यप्रणालीच्या दृष्टीने दाबलेलीच राहते, पुनरावृत्ती सुरू होते आणि आवाज शिगेला पोचेपर्यंत थांबत नाही. वर दाबणे व सोडणे या दोन घटना वेगळ्या सांगितल्या, त्याचे प्रयोजन हे.

६. डेस्कटॉपवरील अर्थनिर्णय

कीकोड कर्नलच्या बाहेर पडला की तो पडदा सांभाळणाऱ्या प्रणालीकडे जातो. पूर्वी ही प्रणाली म्हणजे एक्स विंडो, अकरावी आवृत्ती, असे समीकरण होते. ती १९८७ ची. आता बऱ्याच ठिकाणी वेलँडने तिची जागा घेतली आहे. दोन्हींत कीकोडचे कीसिम नावाच्या अर्थवाहक एककात रूपांतर होते. कोणती मांडणी निवडली आहे, शिफ्ट दाबली आहे की नाही, यांवर ते रूपांतर अवलंबून असते.

एक्सच्या करारात कीकोडसाठी एकच बाइट राखून ठेवलेला आहे, आणि त्यातीलही पहिले आठ अंक वापरावयाचे नाहीत. त्यामुळे कर्नलच्या अंकात ८ मिळवून तो एक्सला दिला जातो. २५५ ही मर्यादा असल्याने कर्नलमधील २४७ पर्यंतचेच अंक एक्सपर्यंत पोचतात. मायक्रोफोन बंद करण्याच्या कळेला कर्नलने दिलेला अंक नेमका २४८! म्हणजे एका अंकाने ही कळ उंबरठ्याबाहेर राहिली. यावर तोड अशी निघाली की, त्या कळेला एफ-२० ही कळ म्हणावे आणि मांडणीत एफ-२० चा अर्थ 'मायक्रोफोन बंद' असा लिहावा. एफ-२० चा अंक १९०, आणि सामान्य कळफलकावर ती कळ नसतेच. तेव्हा कोणाचे नुकसान नाही. टचपॅडशी संबंधित तीन कळांची सोयही एफ-२१, एफ-२२ आणि एफ-२३ यांच्या आडून करण्यात आली.

उसनवारीचे हे शब्द किती काळ निर्धोक राहतील, याचा निकाल २०२४ मध्ये लागला. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने कोपायलट नावाची नवी कळ लॅपटॉपवर आणविली. ती दाबली असता डावी विंडोज-कळ, डावी शिफ्ट आणि एफ-२३ असे तीन संकेत एकत्र जातात. लिनक्सच्या मांडणीत एफ-२३ चा अर्थ 'टचपॅड बंद कर' असा आधीच रूढ झालेला होता. दोन अर्थांचा एक शब्द, आणि दोन्ही अर्थ जिवंत. अखेर संदर्भाचा आधार घ्यावा लागला : एफ-२३ एकटी आली तर टचपॅड, शिफ्ट व विंडोज-कळ यांच्या संगतीने आली तर नवा अर्थ, असा भेद नव्या मांडणीत करण्यात आला. अनेकार्थी शब्दाचा निर्णय साहचर्याने करावा, हा आपल्याकडील वैयाकरणांचा जुना मार्ग येथे नव्याने उपयोगी पडला.

कीसिम सिद्ध झाल्यावर प्रत्यक्ष कृती कोणी करावयाची, हा प्रश्न उरतो. गनोम, केडीई इत्यादी डेस्कटॉपांत यासाठी एक पार्श्वसेवा असते. ती विशेष कळा आपल्याकडे राखून ठेवते, म्हणजे त्या समोरच्या लेखन-प्रोग्रामकडे जात नाहीत. जुन्या एक्स प्रणालीत एखादा मेनू उघडा असताना आवाजाची कळ चालत नसे. कारण मेनूने तेवढ्यापुरता सगळा कळफलक आपल्या ताब्यात घेतलेला असे. वेलँडमध्ये पडदा आणि कळा यांचा कारभार एकाच प्रोग्रामकडे असल्याने ही तक्रार मिटली. झाकण आणि शक्तीची कळ यांची जबाबदारी मात्र सिस्टमडी वापरणाऱ्या प्रणालींत लॉगिनडी नावाच्या सेवेकडे असते. कोणीही डेस्कटॉपवर प्रवेश केलेला नसला तरी झाकण मिटल्यावर यंत्र झोपले पाहिजे, हा त्यामागील विचार. एखाद्या डेस्कटॉपला हे काम स्वतःकडे हवे असेल तर त्याने तसा मनाई-अर्ज आधी दाखल करावयाचा असतो.

७. विधी आणि अनुवाद

आतापर्यंतचे प्रश्न ओळखीचे होते : ही कळ कोणती? याहून कठीण प्रश्न हेतूचा आहे. कळेचा संकेत आला म्हणजे तो 'अमुक कर' असे सांगतो, की 'अमुक झाले' असे सांगतो?

मीमांसकांनी वेदवाक्यांचा विचार करताना विधी आणि अनुवाद असा भेद केला आहे. जे अन्य मार्गाने प्राप्त नाही ते करावयास सांगणारे वाक्य विधी. जे आधीच सिद्ध आहे त्याचे पुनःकथन करणारे वाक्य अनुवाद. अनुवादाला विधी समजून कर्म केले तर ते दोनदा घडते. विधीला अनुवाद समजले तर ते घडतच नाही. विशेष कळांचे बहुतेक न सुटणारे रोग या दोन वाक्यांत येतात.

वायफायची कळ घ्या. काही लॅपटॉपांत ती दाबली की फर्मवेअर कोणालाही न विचारता रेडिओ बंद करते आणि मागाहून वार्ता देते. हा अनुवाद. काहींत फर्मवेअर स्वतः काही करीत नाही, फक्त वार्ता देते. हा विधी. दोन्ही ठिकाणी येणारा अंक सारखाच असू शकतो. पहिल्या प्रकारच्या यंत्रावर डेस्कटॉपने तो विधी मानला तर फर्मवेअरने बंद केलेला रेडिओ डेस्कटॉप पुन्हा चालू करू पाहील, आणि वापरणाराला कळ बिघडल्यासारखी वाटेल. पडद्याच्या उजेडाचेही तेच. एकदा कळ दाबली असता उजेड दोन पायऱ्यांनी बदलत असेल, तर एक पायरी फर्मवेअर किंवा कर्नल बदलीत आहे आणि दुसरी डेस्कटॉप, असा संशय प्रथम घ्यावा.

कर्नलच्या कोडसंग्रहात हा भेद काही ठिकाणी स्पष्ट नोंदविलेला आहे. टचपॅडसाठी तेथे तीन निरनिराळे कोड आहेत. ५३० म्हणजे 'टचपॅडची स्थिती बदल' अशी विनंती. ५३१ आणि ५३२ हे अनुक्रमे चालू आणि बंद यांचे. टचपॅडचे काम फर्मवेअरने स्वतःच केले असेल तेथे ड्रायव्हरने ५३१ किंवा ५३२ पाठविला म्हणजे डेस्कटॉपने पडद्यावर तशी खूण दाखवावी, एवढेच अपेक्षित असते. कळफलकाखालच्या दिव्यांच्या बाबतीत तर कळेचा मार्ग टाळून वेगळीच वाट काढण्यात आली : दिव्याची तीव्रता यंत्राने आपण होऊन बदलली असेल तर ती बदललेली तीव्रता वाचता येईल, अशी एक फाइल कर्नलच्या ४.११ या आवृत्तीत २०१७ साली उपलब्ध झाली. जे निवेदन आहे त्याला आज्ञेचा वेश देऊ नये, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

मायक्रोफोनचा दिवा हे या भेदाचे सर्वांत नाजूक स्थळ होय. कळेवरचा तांबडा दिवा पाहून आपण समजतो की मायक्रोफोन बंद आहे. परंतु पुष्कळ लॅपटॉपांत कळ, दिवा आणि मायक्रोफोन यांच्यात तारेचा थेट संबंध नसतो. कळ एक संकेत धाडते. डेस्कटॉप ध्वनिव्यवस्थेला मायक्रोफोन बंद करावयास सांगतो. ध्वनिव्यवस्थेची स्थिती पाहून कर्नल दिवा लावतो. दिवा हे येथे ध्वनिव्यवस्थेच्या म्हणण्याचे पुनःकथन आहे. लॅपटॉपला बाहेरून दुसरा यूएसबी मायक्रोफोन जोडलेला असेल, तर अंतर्गत मायक्रोफोनचा दिवा त्याच्याविषयी काही सांगेलच असे नाही. काही यंत्रांत मायक्रोफोनचा प्रवाह विद्युतमंडलातच तोडण्याची योजना असते. तेथे दिव्याची साक्ष अधिक बळकट. आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे हे क्षेत्रीय कार्यास निघण्यापूर्वी एक मिनिट मुद्रण करून पाहिले तरी समजते. निवेदकाच्या विश्वासाचा प्रश्न असताना हे मिनिट वाचविण्यात अर्थ नाही.

८. देवनागरी मांडणी आणि कळांची सोबत

मराठी लिहिणारांना एका संबंधित अडचणीचा परिचय असतो. इनस्क्रिप्ट मांडणीत रोमन 'सी'च्या जागी 'म' आणि 'व्ही'च्या जागी 'न' आहे. मांडणी देवनागरी असताना कंट्रोल आणि 'सी' या कळा दाबल्या तर निघणारा कीसिम 'म' चा असतो. आणि 'नक्कल कर' ही आज्ञा तर 'सी' या अक्षराला बांधलेली आहे. पुष्कळ प्रोग्राम अशा वेळी वापरणाराने निवडलेल्या इतर मांडण्या पाहतात आणि त्यांपैकी एखादीत त्या जागी 'सी' सापडली तर आज्ञा पाळतात. म्हणून केवळ देवनागरी मांडणी ठेवण्यापेक्षा तिच्या जोडीस एक रोमन मांडणी ठेवणे हितावह. विशेष कळांना हा प्रश्न पडत नाही. त्यांचे कीसिम कोणत्याही लिपीच्या मांडणीत तेच राहतात. कारण त्या अक्षराच्या वाटेने जातच नाहीत.

९. मुक्या कळेची परीक्षा

वरील विवेचनावरून परीक्षेचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम कर्नलची नोंदवही पाहावी. तेथे अनोळखी कळेची तक्रार असेल तर दोष स्कॅनकोडचा, आणि त्यावर कोशातील एक नोंद हा उपाय. तक्रार नसेल तर इव्हटेस्ट हे साधन चालवून एकेका इनपुट उपकरणावर कळेची घटना येते काय ते पाहावे. कळफलकावर न आलेली घटना 'व्हिडिओ बस' किंवा उत्पादकाच्या नावाच्या उपकरणावर येण्याचा संभव असतो, म्हणून सर्व उपकरणे तपासावीत. कोठेच काही न आल्यास एसीपीआयच्या सूचना ऐकाव्या. तेथेही शांतता असेल तर त्या घराण्याचा ड्रायव्हर नाही किंवा अपुरा आहे, असे समजावे. उलट कीकोड बरोबर येत असेल आणि कृती होत नसेल, तर दोष मांडणीत किंवा डेस्कटॉपच्या योजनेत आहे. कृती दोनदा होत असेल तर विधी-अनुवादाचा घोटाळा आहे.

इव्हटेस्ट चालविण्यास सर्वाधिकार लागतात, याचा त्रास मानू नये. जे साधन उजेडाची कळ दाखविते, तेच टंकित होत असलेला परवलीचा शब्दही अक्षरशः दाखवू शकते. काम झाल्यावर त्या साधनाची नोंद कोणास पाठविताना तीत नको त्या कळा आलेल्या नाहीत, एवढे पाहून घ्यावे.

१०. उपसंहार

कळ, स्कॅनकोड, कीकोड, कीसिम आणि कृती अशा पाच पायऱ्या आपण पाहिल्या. प्रत्येक पायरीवर खालच्या पायरीचा भेद विसरला जातो आणि नवा भेद उत्पन्न होतो. अक्षराच्या कळेला या पायऱ्या चढणे सोपे जाते, कारण तिच्याविषयी समाजात करार आहे. विशेष कळेला तो करार प्रत्येक यंत्रागणिक पुन्हा करावा लागतो. हा करार करणारे लोक मोठ्या संस्थांतच असतात असे नाही. कोशातील अनेक नोंदी, आपल्या लॅपटॉपवरील एक मुकी कळ बोलती करून, तिचा अंक मूळ संग्रहाकडे पाठविणाऱ्या सामान्य वापरणारांच्या आहेत. ती एक ओळ पुढच्या आवृत्तीत गेली की त्या प्रतिमानाच्या प्रत्येक यंत्रावर ती कळ चालू लागते. जुनी यंत्रे मोडीत न काढता आणखी काही वर्षे वापरण्याची गरज ज्या महाविद्यालयांना व ग्रंथालयांना आहे, त्यांच्या दृष्टीने या एका ओळीचे मोल थोडे नाही. आपल्या विद्यार्थ्यांना अंक टिपण्याची, पाठभेद जुळविण्याची आणि नोंद नेमकी लिहिण्याची सवय आहेच. ती या कामी लावावयास हरकत नसावी.